तात्यासाहेबांचा होकार

तात्यासाहेब 'हो' म्हणाले नव्हते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण खासगी बाजारातल्या भालचंद्रराव पोतनिसांनी ते कुणालाच सांगितलं नाही आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी माणसांची दोन मंडळं होती. एक खासगी बाजारातली शारदा सभा. तिच्या सभासदांचे पणजोबा दरबारात लेखणी चालवत, नाहीतर देवघरात घंटा वाजवत. दुसरं पाटणकर बाजारातलं मराठा हितसाधक मंडळ. तिथले पणजोबा घोड्यावर बसत. आता दरबार राहिला नव्हता आणि घोडेही राहिले नव्हते, पण दोन्हीकडचं हळदीकुंकू वेगळं, सहली वेगळ्या आणि एकमेकांबद्दलची मतं मात्र अजून ताजी होती. तरुण मुलं पुण्याला, इंदूरला, कुणी सातासमुद्रापार निघून गेली. दोन्ही सभागृहांत माणसांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या, तेव्हा दोन्ही मंडळांचं मिळून एक करावं अशी टूम निघाली. साल होतं दोन हजार. तिकडे छत्तीसगड वेगळा निघणार म्हणून सरकारी कचेऱ्यांत फायलींची वाटणी चालली होती, आणि नेमकी त्याच वर्षी आमच्या लोकांना एकत्र यायची हुक्की आली.

हितसाधक मंडळाचे अध्यक्ष महिपतराव जगदाळे. रेल्वेत गार्ड होते. हिरवं निशाण नाहीतर लाल निशाण, तिसरं निशाण त्यांनी जन्मात दाखवलं नव्हतं. ते म्हणाले, "तात्यासाहेबांचा होकार आणा. ते हो म्हणाले तर आमचं पण हो, पक्कं."

तात्यासाहेब हे शारदा सभेचे अध्यक्ष. तरुणपणी ते संस्थानाच्या दफ्तरात लागले. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. दरवेळी वरून विचारणा झाली, की आपण नव्या व्यवस्थेत येणार काय? दरवेळी तात्यासाहेबांनी 'योग्य वेळी पाहू' असं लिहून पाठवलं आणि दरवेळी त्यांची खुर्ची होती तिथेच राहिली. अशा माणसाकडून होकार आणायची कामगिरी भालचंद्ररावांवर आली. ते एका महाविद्यालयात गणित शिकवत, कुणालाही कशालाही नाही म्हणत नसत, आणि म्हणूनच दोन्ही मंडळांना ते चालत.

तात्यासाहेबांनी त्यांना चहा दिला, चांदीच्या तबकातून सुपारी दिली आणि सांगितलं, "महिपतरावांना आमचा नमस्कार कळवा. माणूस खानदानी आहे. योग्य वेळी पाहू."

जिना उतरताना भालचंद्ररावांना स्वच्छ कळलं होतं, की हा काही होकार नव्हे. चौकापर्यंत येता येता 'तसा नकारही नव्हे' असं त्यांना वाटू लागलं. पाटणकर बाजार लागला तेव्हा त्याचं 'हरकत दिसत नाही' झालं होतं. महिपतरावांनी दार उघडून "काय म्हणाले?" असं विचारलं, आणि भालचंद्ररावांच्या तोंडून निघून गेलं, "हो म्हणाले."

त्यानंतर बैठका झाल्या, घटना लिहिली गेली, आचारी ठरला. तात्यासाहेबांना जे जे दाखवलं त्याला ते 'ठीक आहे, पाहतो' म्हणाले. भालचंद्रराव दर आठवड्याला ठरवत, की एकदा जाऊन नीट विचारून घ्यावं, आणि दर आठवड्याला त्यांना काहीतरी दुसरं काम निघे.

एकत्रीकरणाचा सोहळा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी ठरला. नव्या मंडळाची नोंदणी करायला भालचंद्रराव कचेरीत गेले तेव्हा तिथला बाबू म्हणाला, "अभी तो यही तय नहीं कि मैं इधर रहूँगा या रायपुर जाऊँगा. बाद में आइए." म्हणजे नोंदणी नंतर आणि जेवण आधी असं ठरलं.

सोहळ्यात दोन्ही अध्यक्षांना मानपत्र द्यायचं होतं, आणि तात्यासाहेबांचं महिपतरावांनी, महिपतरावांचं तात्यासाहेबांनी वाचून दाखवायचं होतं. मानपत्र छापायचं काम ओघानं भालचंद्ररावांकडे आलं, कारण त्यांच्या पुढच्या खोलीत शारदा सभेचा संगणक होता आणि कुठल्याशा बँकेनं मोडीत काढलेला एक अवाढव्य प्रिंटर होता. त्या प्रिंटरला मराठीचा गंध नव्हता. संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये एक ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ असतो. इकडचं म्हणणं तिकडे कळेल अशा भाषेत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. कंपनीनं दिलेला ड्रायव्हर मराठी म्हटलं की चौकोन छापायचा, म्हणून भालचंद्ररावांनी हिमतीनं स्वतःचा लिहिला. त्याला मराठीतून सेटिंगही ठेवलं. छापण्याआधी पडद्यावर प्रश्न येत: कागद आडवा का? नाव ठळक का? शोकपत्र आहे का?

शेवटच्या प्रश्नाला कारण होतं. अलीकडे शारदा सभेचे कार्यक्रम म्हणजे बहुतेक शोकसभाच. घाईगर्दीत काळी चौकट राहून जाई, नावाआधीचं 'कै.' राहून जाई आणि घरची मंडळी रागवत. म्हणून शोकपत्राला 'हो' म्हटलं की जाड काळी चौकट आणि नावाआधी 'कै.' हे दोन्ही आपोआप पडावं अशी सोय भालचंद्ररावांनी केली होती. या सोयीचा त्यांना अभिमान होता.

त्यांची बायको सुनंदा हिचं त्या प्रिंटरबद्दलचं मत वेगळं होतं. तिला पुढच्या खोलीत गाण्याचा वर्ग काढायचा होता. तिनं दिवाळीच्या आधी विचारलं होतं, दिवाळीत विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा भालचंद्रराव 'बघू' म्हणाले होते.

आता मानपत्र म्हटलं की नाव केवढ्या अक्षरात हा प्रश्न आला, आणि तो दोन्ही अध्यक्षांच्या समोरच सुटला पाहिजे असं दोन्ही बाजूंचं म्हणणं पडलं. सेटिंग दोन्ही मानपत्रांना एकच, म्हणून त्याच्या प्रश्नांना दोघांनी आळीपाळीनं उत्तरं द्यावीत असं ठरलं. तात्यासाहेबांना महिपतरावांसमोर अवघडायला नको म्हणून भालचंद्ररावांनी त्यांना आदल्या आठवड्यात सरावाला एकट्यालाच घरी बोलावलं. तात्यासाहेबांना दफ्तरातला मराठी टाइपरायटर ठाऊक होता. ते चष्मा पुसून बसले. पडद्यावर प्रश्न आला, 'कागद आडवा का?' तात्यासाहेबांनी सफाईनं टाइप केलं, 'योग्य वाटेल तसे करावे.'

संगणकानं टँव केलं. पडद्यावर तांबड्या अक्षरांत उमटलं, 'अमान्य उत्तर. फक्त हो किंवा नाही लिहा.'

तात्यासाहेबांनी ते दोनदा वाचलं. मग ते उठले. "पोतनीस, तीन राजवटींत काम केलं. आमचा शेरा अमान्य म्हणून कुणी परत पाठवला नव्हता."

"तात्यासाहेब, ते यंत्र आहे, त्याला..."

"त्याला कुणी शिकवलं?"

भालचंद्रराव उगाच कळफलक पुसू लागले. सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा तात्यासाहेब जिन्यापर्यंत गेले होते. खासगी बाजारात कुणाच्या घरून चहा न घेता जाणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. संध्याकाळपर्यंत ती बातमी दोन्ही गल्ल्यांमध्ये झाली.

शेजारचे दिनकरराव सांत्वनाला आले. ते तहसिलीतून निवृत्त झालेले. म्हणाले, "भालचंद्रराव, एक गोष्ट पक्की समजून घ्या. अर्ज कधी वापस नाही करायचा. आवकचा शिक्का ठोकायचा, माणूस खूश होऊन निघून जातो. आतमध्ये त्याचं काय करायचं ते मग आपण पाहत राहतो ना."

"पण उत्तर काय समजायचं?" भालचंद्ररावांनी विचारलं.

याचं उत्तर वरच्या मजल्यावरच्या लीलाताईंनी दिलं. त्या उसनं विरजण न्यायला आल्या होत्या आणि विरजण हातात घेऊनच थांबल्या होत्या. "त्यात काय कठीण आहे? मुलगी पसंत नसली की लोक काही बोलतच नाहीत, मतलब पत्रच येत नाही. काहीही बोलले, पत्रिका पाहतो म्हणाले, मामांना विचारतो म्हणाले, की समजायचं पसंत आहे. आपल्या लोकांत नको असेल तर कोण बोलतं?"

भालचंद्ररावांना हे गणितासारखं लख्ख पटलं. त्यांनी त्याच दिवशी ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती केली. रकाना रिकामा ठेवला किंवा नुसतं 'नाही' लिहिलं, तर नाही. बाकी मोठ्या माणसानं काहीही लिहिलं तरी हो. आणि तांबड्या अक्षरांच्या जागी पडद्यावर निळ्या अक्षरांत येऊ लागलं, 'आपलं म्हणणं पोचलं. आभारी आहोत.'

सुनंदा भाजी निवडत हे पाहत होती. "न कळलेलं कळलं म्हणायचं, तर मग ते विचारतंय तरी कशाला?" ती म्हणाली.

"मान राखावा लागतो माणसांचा," भालचंद्रराव म्हणाले.

"आणि माझ्या वर्गाचं?"

"बघू."

ठरल्या दिवशी दोन्ही अध्यक्ष आले. तात्यासाहेबांची समजूत काढायला भालचंद्ररावांना बाकरवडी घेऊन त्यांच्या घरी जावं लागलं होतं. मानपत्र ज्याचं त्यानं आधी पाहायचं नाही अशी रीत आहेच, पण इथे छापल्यावर कुणीच पाहायचं नाही असं ठरलं होतं, कारण पाहिलं की कुणाची विशेषणं किती ते मोजलं जाणार. म्हणून प्रिंटरवर चादर टाकली होती. कागद बाहेर आला की पालथाच गुंडाळायचा, लाल फीत बांधायची आणि पेटीत टाकायचा. पेटीचं कुलूप शारदा सभेचं आणि किल्ली हितसाधक मंडळाची. या व्यवस्थेवर देखरेख करायला दिनकरराव बसले होते. ते निवृत्तीनंतर प्रथमच इतके आनंदात दिसत होते.

पहिला प्रश्न तात्यासाहेबांना. कागद आडवा का? त्यांनी लिहिलं, 'हरकत नसावी.' पडद्यानं आभार मानले. तात्यासाहेबांच्या कपाळावरची आठी गेली. "सुधारलंय हो," ते म्हणाले.

दुसरा महिपतरावांना. नाव ठळक का? महिपतरावांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत 'हो' लिहिलं आणि शिट्टी मारल्यासारखा श्वास सोडला.

तिसरा पुन्हा तात्यासाहेबांना. शोकपत्र आहे का?

हा प्रश्न आज लपवायला हवा होता, हे भालचंद्ररावांच्या आत्ता लक्षात आलं. तात्यासाहेब पडद्याकडे पाहत राहिले. महिपतराव पण पाहू लागले. मग तात्यासाहेबांनी शांतपणे टाइप केलं, 'शुभ बोलावे.'

'आपलं म्हणणं पोचलं. आभारी आहोत.'

ड्रायव्हर भालचंद्ररावांनीच लिहिला होता. त्याला शुभ कळत नाही आणि अशुभही कळत नाही, हे जगात दुसऱ्या कुणाला नसलं तरी त्यांना माहीत होतं. आता फक्त 'जरा थांबा' म्हणायचं होतं. पण थांबा म्हटलं की तोच प्रश्न तात्यासाहेबांना पुन्हा विचारावा लागणार होता, आणि महिपतरावांच्या देखत यंत्राला आपलं म्हणणं कळलं नाही असं सांगावं लागणार होतं. भालचंद्ररावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली, तात्यासाहेबांनी कपाला हात घातला, आणि त्यांच्या हातातला तो कप पाहून भालचंद्ररावांनी तोंड मिटलं. चादरीखाली प्रिंटर करकरू लागला. ही काही चूक नव्हती. हा भित्रेपणा होता आणि तो त्यांना त्याच क्षणी कळला होता.

सोहळ्याला अजून थोडे दिवस होते, आणि हे दिवस भालचंद्ररावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी दिनकररावांना सहज विचारलं, "पेटी एकदा उघडून पाहता येईल का हो?"

"दोन्ही अध्यक्षांच्या सहीशिवाय सवालच नाही," दिनकरराव म्हणाले. "का? काही गडबड आहे?"

"छे, छे. कागद दमट होतो की काय म्हणून."

दिनकररावांनी पेटीत कापूर टाकायला सांगितलं आणि नंतर आठवलं, की त्यासाठीही पेटी उघडावी लागेल. भालचंद्रराव एकदा तात्यासाहेबांच्या घरीही जाऊन आले. दारातच तात्यासाहेबांनी विचारलं, "काय काम काढलंत?" "सहज," भालचंद्रराव म्हणाले, आणि सुपारी खाऊन परत आले. वाटेत त्यांनी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. कधीकधी प्रिंटर ऐकत नाही. कधी चौकट फिकट पडते. कदाचित शाईच संपली असेल. ज्या माणसानं जन्मभर मुलांना गणितात कदाचित चालत नाही म्हणून सांगितलं, तो आता रस्त्यानं एकामागून एक कदाचित मोजत चालला होता.

रविवारी सभागृह भरलं. खरं म्हणजे निम्मं भरलं, पण दोन्ही मंडळांत इतकी माणसं एकत्र कुणी पाहिली नव्हती. मागून शिऱ्याचा वास येत होता. भालचंद्रराव पहिल्या रांगेत कडेला बसले होते, दाराच्या बाजूला.

पेटी उघडली गेली. आधी तात्यासाहेबांनी महिपतरावांचं मानपत्र घेतलं, फीत सोडली, गुंडाळी उलगडली आणि वाचायला तोंड उघडलं. मग ते थांबले. पहिल्या रांगेतून भालचंद्ररावांना कागदाच्या पाठीमागून दिव्याच्या उजेडात ती चौकट स्पष्ट दिसली. चांगली जाड आली होती.

पण तात्यासाहेब म्हणजे दरबारी माणूस. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी कागद पुन्हा गुंडाळला, फीत बांधली आणि म्हणाले, "महिपतरावांचे गुण कागदावर मावण्यासारखे नाहीत. आम्ही ते मनातच वाचले." सभागृहात टाळ्या पडल्या. भालचंद्ररावांना वाटलं, की आपण वाचलो. आता महिपतरावांना एवढंच सुचावं. त्यांनी हात जोडून डोळे मिटले.

महिपतरावांना तसलं काही सुचण्यासारखं नव्हतं. हातात हुकूम आला की तो वाचायचा, ही त्यांची सवय. त्यांनी कागद दोन्ही हातांनी ताणून धरला आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं, "कैलासवासी तात्यासाहेब..."

मधल्या रांगेत शारदा सभेचे गोपाळकृष्णकाका बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण हा शब्द त्यांना बरोबर ऐकू येतो, कारण वर्षभर ते तोच ऐकत असतात. ते काठी टेकून उठले आणि मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या शेजारचे उठले. मागची रांग उठली. कोण गेलं ते कुणालाच नीट कळलं नव्हतं, पण शोकसभांची सवय असलेली माणसं, ती विचारत बसत नाहीत. पाहता पाहता सगळं सभागृह उभं राहिलं. मंचावर तात्यासाहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि ते स्वतःही उठून मान खाली घालून उभे राहिले. सगळी सभा उभी असताना आपण बसून राहावं हे त्यांच्या शिस्तीत नव्हतं. महिपतरावांनी खिशातून गार्डचं घड्याळ काढलं, दोन मिनिटं पुरी होऊ दिली आणि म्हणाले, "बसा."

मग सगळ्यांना एकदम कळलं.

"ही काय पद्धत आहे?" शारदा सभेकडून कुणीतरी ओरडलं. "अध्यक्षपद हवं तर सरळ मागा ना." हितसाधक मंडळाच्या बाजूनं उत्तर आलं, "छापलं तुमच्या माणसानं. आमच्या साहेबांना पण मारून टाकलं असेल, कागद उघडून दाखवा." महिपतरावांनी तात्यासाहेबांसमोरची गुंडाळी उलगडली आणि स्वतःच्या नावाआधीचं कै. पाहिलं. खुर्च्या सरकल्या. आचारी दारात येऊन उभा राहिला आणि पुऱ्या सोडू की थांबू असं खुणेनं विचारू लागला.

दिनकरराव भालचंद्ररावांच्या कानाशी आले. "व्हायरस म्हणून सांगा. पेपरमध्ये रोज येतंय. सगळे मानून घेतील."

खरोखरच सगळ्यांनी मानलं असतं. भालचंद्रराव मंचाच्या पायऱ्या चढले तेव्हा त्यांच्या तोंडात तोच शब्द होता. पण तात्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. स्वतःच्याच शोकसभेत उभा राहिलेला म्हातारा माणूस जसा पाहील तसं, जरा भांबावून. भालचंद्ररावांचे कान तापले. लहानपणी फळ्यासमोर उदाहरण न येता उभं राहिल्यावर तापत तसे.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "शोकपत्र आहे का, असं यंत्रानं विचारलं. आपण लिहिलंत, शुभ बोलावे. यंत्राला ते कळलं नाही."

"कळलं नाही तर पुन्हा विचारायचं," तात्यासाहेब म्हणाले.

"ते विचारत होतं. आपल्याला राग आला म्हणून मीच त्याचं विचारणं बंद केलं. मोठ्या माणसांनी काहीही म्हटलं तरी हो समजायचं, असं मी त्याला शिकवलं. आणि त्या दिवशी हे होणार, ते मला तिथेच कळलं होतं. मी बोललो नाही."

महिपतराव घड्याळ खिशात ठेवत होते. ते अर्ध्यात थांबले. "एक मिनिट, पोतनीस. मग तुम्ही माझ्याकडे जो होकार घेऊन आले होते, तो?"

भालचंद्ररावांना वाटलं, की आता जमीन दुभंगावी. ग्वाल्हेरची जमीन दगडी आहे, ती दुभंगत नाही. "योग्य वेळी पाहू, असं म्हणाले होते," ते पुटपुटले. ध्वनिक्षेपक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणजे सालभर हे सगळं त्यावर चाललंय?" महिपतराव म्हणाले. "आता विचारा. माझ्यासमोर विचारा."

भालचंद्ररावांनी आयुष्यात कधी वडीलधाऱ्या माणसाला असा प्रश्न केला नव्हता. "तात्यासाहेब, दोन्ही मंडळांचं एक करायचं का? हो की नाही?"

"आता एवढी मंडळी जमली आहेत," तात्यासाहेब म्हणाले, "अन्न शिजलं आहे..."

"क्षमा करा. उत्तर कळलं नाही. हो की नाही?"

"भालचंद्रराव, तुमचे वडील आणि मी एका दफ्तरात होतो. त्यांनी कधी..."

"उत्तर कळलं नाही, तात्यासाहेब."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. तीन राजवटींत जो शब्द त्यांच्या तोंडून कुणी काढू शकलं नव्हतं तो ते अगदी हळू, जवळजवळ लाजत म्हणाले. "नाही."

मग महिपतराव धपकन खुर्चीत बसले. "मला पण नको होतं," ते म्हणाले.

"मग आपण हो का म्हणालात?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"तुम्ही हो म्हणाले असं समजलं. वयानं मोठा माणूस हो म्हणून राहिला, त्याला नाही कसं म्हणायचं?"

तात्यासाहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसताहेत हे ओळखायला शारदा सभेला वेळ लागला, कारण त्यांना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. महिपतरावांनी आचाऱ्याकडे पाहून हात वर केला. हातात निशाण नव्हतं, पण आचाऱ्याला कळलं आणि पुऱ्या तेलात पडल्या.

एकत्रीकरण मोडलं आणि पंगत बसली. दोन्ही मंडळांची माणसं आयुष्यात प्रथमच एका रांगेत जेवली, आणि आपलं आपलं मंडळ शाबूत आहे या आनंदात चार पुऱ्या जास्त जेवली. तात्यासाहेब आणि महिपतराव शेजारी शेजारी बसले होते. त्यांच्याकडून हसण्याचा आवाज आला की मागोमाग 'पोतनीस' हा शब्द येई. भालचंद्रराव वाढपी झाले होते. कोशिंबिरीचं भांडं घेऊन ते त्या पानांशी आले की हसणं थांबे, आणि पुढे गेले की पुन्हा सुरू होई. त्यांना सभागृहाच्या मागच्या दारानं निघून जावंसं वाटत होतं, पण दोन्ही हातांत भांडं होतं.

निघताना तात्यासाहेबांनी आपलं मानपत्र मागून घेतलं. "विशेषणं चांगली घातलीत," ते म्हणाले. "राहू द्या आमच्याकडे. पुढे पुन्हा छापायला नको." मग त्यांनी भालचंद्ररावांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि त्यानं त्यांना आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

घरी आल्यावर त्यांनी टोपी काढली, पाणीसुद्धा न पिता संगणक सुरू केला, आणि ड्रायव्हरमध्ये काढून टाकलेली ओळ पुन्हा लिहिली. जुनी होती तशी नाही. तांबडी अक्षरं नकोत, टँव नको. 'क्षमा असावी. उत्तर कळलं नाही. हो किंवा नाही, एवढंच लिहावं.' मग त्यांनी स्वतःच रकान्यात 'पाहू' लिहून पाहिलं. यंत्रानं क्षमा मागितली आणि पुन्हा विचारलं. 'हरकत नसावी' लिहून पाहिलं. पुन्हा विचारलं. भालचंद्रराव पुष्कळ वेळ तसे लिहीत बसले.

सुनंदा दारात येऊन उभी राहिली होती. "पुढच्या खोलीत मी गाण्याचा वर्ग काढू का?" तिनं विचारलं.

"तसं पाहिलं तर जागा जरा..."

"उत्तर कळलं नाही," सुनंदा म्हणाली.

भालचंद्ररावांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कान पुन्हा तापले. "हो," ते म्हणाले.

"बरं झालं. मुली उद्या सकाळपासून येताहेत. तुमचं 'बघू' मी दिवाळीतच हो धरलं होतं."

भालचंद्रराव उठले आणि प्रिंटरची वायर काढू लागले.